तीन पिवळसर लोंब्या

हैदराबादच्या अंबरपेठेतल्या तांदळाच्या दुकानात भिंतीला टेकून पोती रचलेली असतात. बरीचशी २६ किलोंची, कारण २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या छापील पोत्यावर जीएसटी बसतो. गिऱ्हाईक 'सन्न बिय्यम', म्हणजे बारीक तांदूळ, मागतं आणि दुकानदार सोना मसुरीच्या जोडीनं आणखी एक नाव घेतो : एचएमटी. ही अक्षरं मनगटावरच्या घड्याळाची, हे पन्नाशी ओलांडलेल्यांना लगेच आठवतं. तांदळाला ती कुणी दिली, हे मात्र दुकानात कुणी विचारत नाही.

विचारत गेलं तर उत्तर नांदेडला पोचतं. हैदराबादकर म्हणेल, ते तर आमच्या गाडीच्या वाटेवरचं, गोदावरीकाठचं. ते वेगळं. हे नांदेड चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं खेडं. भोवती जंगल, मध्ये धानाच्या बांध्या. तिथल्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांची शाळा तिसरीतच सुटली होती आणि नावावर जमीन होती दीड एकर.

१९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल ३' उभं होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून आलेलं, त्या काळी बरंच चालणारं धान. त्या पिकात दादाजींना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणे पिवळसर होते, बाकीच्यांशी जुळत नव्हते.

धान पिकवणाऱ्याला असली लोंबी नवी नसते. ती भेसळ. पुढच्या सालासाठी बियाणं चोख राखायचं तर ती उपटून बांधावर फेकायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणा रिवाज. दादाजींनी त्या तीन लोंब्यांचे दाणे काढले, प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि घरी जपून ठेवले.

पुढच्या वर्षी ते लावले, शेताच्या मधोमध, हातभर जागेत. जंगलातून रानडुकरं उतरतात म्हणून भोवती काटे रोवले. आलेल्या धानातून पुन्हा बी निवडलं, पुन्हा लावलं. अशी पाच वर्षं गेली.

एवढा काळ का लागला, ते धानाच्या फुलात दडलेलं आहे. धानाचं फूल उमलतं तेव्हा त्याचे परागकण त्याच फुलावर पडतात. शेजारच्या झाडाचा पराग घुसण्याचं प्रमाण सहसा शंभरात एकाहूनही कमी. म्हणून एखादी लोंबी वेगळी निघाली तर तीन शक्यता उरतात. बियाण्यात दुसऱ्या वाणाचा दाणा मिसळला असेल, कुठून तरी परका पराग आला असेल, किंवा दाण्याच्या आतच अचानक बदल झाला असेल. परक्या परागाची संतती पहिली काही वर्षं फुटत राहते, कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी आधी पिकणारं. पण धान स्वतःशीच फळत असल्यामुळे हा मिश्रपणा दर पिढीला निम्मा होतो. पाच पिढ्यांत तो शेकडा तीनवर येतो. दादाजींकडे हे गणित मांडायला कागद नव्हता. पण दर हंगामाला सारखी दिसणारी लोंबी राखायची आणि बाकीची सोडायची, हे त्यांचं काम त्याच गणितानं चाललं होतं.

    धानानं दादाजींना निदान ही एक सवलत दिली होती.

१९८८ च्या सुमारास बियाणं शिजवून पाहण्याइतकं झालं. भात पानात आला आणि 'पटेल ३'पेक्षा चवीला सरस निघाला. दाणाही बारीक होता. १९९० मध्ये गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं दीडशे किलो बियाणं नेऊन चार एकरांत लावलं. ते पीक तळोधीच्या बाजारात गेलं. नाव काय, असा प्रश्न निघाला. नाव नव्हतंच. त्या दिवसांत एचएमटीची घड्याळं लोकांच्या डोक्यात बसलेली होती. व्यापाऱ्यानं तेच नाव धानाला देऊन टाकलं.

नाव बाजारानं दिलं आणि बाजारच ते पुढे घेऊन गेला. विदर्भातून छत्तीसगडात, मध्य प्रदेशात, तेलुगू मुलखात. दादाजींच्या दीड एकराशी त्या प्रवासाचा संबंध उरला नाही.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं त्यांच्याकडून पाच किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं. हे केंद्र डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९८ मध्ये विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' नावाचा वाण जाहीर केला. आम्ही मूळ बियाणं शुद्ध करून वाण सिद्ध केला, ही विद्यापीठाची बाजू. माझं बी घेतलं आणि माझं नाव गाळलं, ही दादाजींची. शेतकऱ्यालाही वाणाचा जनक मानणारा कायदा देशात २००१ साली झाला.

२००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते गौरव केला. घरातली ओढाताण मात्र संपली नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये त्यांचं निधन झालं. दरम्यान त्यांनी आणखी वाण निवडून काढले होते. नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर अशी गावाची नावं त्यांना दिली. एकाला पुन्हा तीन इंग्रजी अक्षरं मिळाली : डीआरके, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. या खेपेला व्यापाऱ्याला विचारायची गरज नव्हती.

एचएमटीची घड्याळं बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला. अंबरपेठेत पोत्यांवरचं नाव चालूच आहे. आज त्या नावाखाली नांदेडचंच धान असतं की दुसरा कुठला बारीक वाण, हे दुकानदारही छातीठोकपणे सांगणार नाही.

संध्याकाळी कुणाच्या तरी घरी त्याच पोत्यातले तांदूळ सुपात निवडले जातात. एखादा पिवळसर, न जुळणारा दाणा बोटांना लागतो आणि बाजूला काढला जातो. दादाजींनीही तो बाजूलाच काढला होता. फक्त टाकला नाही.