बॅग तुमची, खांदा आमचा

विमान वर जाऊन स्थिरावलं तरी त्याचं नाक दोन-तीन अंश उचललेलंच असतं. बसलेल्या प्रवाशाला हा चढ जाणवत नाही. मागच्या गॅलीतून जेवणाची गच्च भरलेली ट्रॉली पुढे ढकलताना आमच्या कंबरेला तो बरोबर कळतो. ट्रॉलीचं वजन ऐंशी किलोच्याही पुढे जातं.

बरीच वर्षं उडून आता मी नव्या मुलामुलींना शिकवते. त्यांना भीती असते ती हवेतल्या धक्क्यांची, आणि ती रास्तच आहे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर असताना अचानक हादरलं. न्याहारी वाढणं चालू होतं. पट्टा न बांधलेली माणसं उडाली आणि पुढच्या काही सेकंदांत खाली आपटली. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात अशा धक्क्यांनी गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांपैकी १२९ जण विमानातले कर्मचारी होते. प्रवासी बसलेला असतो, आम्ही उभे असतो. त्यातून गॅली बहुधा शेपटाकडे, जिथे हेलकावे जास्त बसतात.

पट्ट्याचा दिवा लागला म्हणजे आम्हीही बसलो, असं नसतं. हलक्या धक्क्यांत काम चालूच राहतं. वर्गात हमखास प्रश्न येतो, "मॅडम, ट्रॉली सोडून कसं बसायचं?" मी सांगते, लाल पेडल दाबून ब्रेक लाव, कॉफीचा जग खाली ठेव आणि मिळेल त्या सीटवर बस. सीट नसेल तर जमिनीवर बस, पण सीटचा पाय सोडू नकोस. सेवा राहिली तर राहू दे.

बातमीत न येणारी दुखणी मात्र रोजची. ओव्हनच्या ट्रेने भाजलेलं मनगट, सर्दी असताना उडाल्याने विमान उतरताना ठणकणारा कान आणि सगळ्यांत जास्त म्हणजे खांदा. सात किलोंची म्हणून आणलेली बॅग बारा किलोंची निघते, आणि "जरा वर ठेवता का?" असं दिवसभरात कितीतरी जण म्हणतात.

आजारी, वयस्कर, कडेवर मूल असलेल्यांना मदत करायला आमची ना नाही. बाकीच्यांनी जड सामान चेक-इनला द्यावं आणि दिवा लागलेला असताना चहा मागू नये. तेवढ्यानेही आमचं निम्मं दुखणं वाचेल.