सवलतीचा वाटा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्याने एकदा तरी कोलंबी वाट्याने घेतली आहे, त्यास प्रस्तुत लेखाचा विषय निम्मा समजलाच आहे. वाट्याच्या माथ्यावर बोटाएवढी कोलंबी मांडलेली असते; तळाशी काय आहे ते घरी गेल्यावर कळते. आमच्या कोंकणीत यास 'वांटो' म्हणतात. तो घेऊ नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आमची आई आजही वाट्यानेच घेते, परंतु घेण्यापूर्वी बोटाने तळ उकरून पाहते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, संगणकाचे सुटे भाग विकणारी दुकाने ओळीने आहेत. तेथे हाच वाटा 'कॉम्बो' या नावाने मिळतो. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिन्ही एकत्र घेतले तर अमुक इतकी सूट, अशी पाटी असते. कित्येकदा कॅबिनेट आणि एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारी पेटी, हीही त्यात घातलेली असतात. तयार संगणक न घेता भाग जुळवून तो घरीच उभारावा अशी हौस अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत दिसते, म्हणून या संचांविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. शिवाय या बाबतीत आम्ही स्वतः फसलो आहोत, आणि फसलेल्या माणसास सांगण्याचा थोडा अधिकार असतो.

प्रथम गुण सांगतो. संगणकाचे भाग हे घराच्या विटांप्रमाणे कोणीही कोणाशी जुळणारे नसतात. प्रत्येक प्रोसेसरला त्याच्याच बैठकीचा बोर्ड लागतो. एएमडी कंपनीची एएम-४ ही बैठक २०१६ साली आली, तर एएम-५ ही २०२२ साली. एकीचा प्रोसेसर दुसरीत बसत नाही. रॅमचेही तसेच. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या तीन पिढ्यांच्या पट्ट्यांवरील खाच मुद्दाम निरनिराळ्या जागी ठेवलेली असते, जेणेकरून चुकीची पट्टी चुकीच्या बोर्डात शिरूच नये. त्यातही असे होते की, बैठक जुळते, पण बोर्डामधील मूळ प्रणाली जुनी असल्यामुळे नव्या प्रोसेसरची तिला ओळखच पटत नाही. नवशिक्याचा येथेच गोंधळ उडतो. संच देणाऱ्या दुकानदाराने ही जुळणी आधीच पाहिलेली असते. आमच्या मते संचाचा खरा लाभ हाच. सवलत ही त्यामागून येते.

मग दुकानदार सवलत देतो कशासाठी? प्रोसेसर हा आपोआप खपणारा माल आहे, आणि त्यावर नफा थोडा. बोर्ड मात्र पडून राहतात. नवी बैठक बाजारात आली की जुन्या बोर्डांकडे कोणी पाहत नाही. तेव्हा खपणाऱ्या वस्तूच्या पदरास न खपणारी वस्तू बांधून दिली जाते. याला दुसरेही एक कारण आहे. १९६३ साली जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने चित्रपटांच्या बाबतीत त्याचा विचार केला होता. तेथे दूरचित्रवाणी केंद्रांना चित्रपट एकेक न देता गठ्ठ्याने दिले जात. एका ग्राहकास एक वस्तू मोलाची वाटते, दुसऱ्यास दुसरी. सुट्या विकल्या तर प्रत्येकाकडून निरनिराळा दाम मिळेल, पण गठ्ठा केला की दोघेही जवळजवळ सारखीच रक्कम मोजावयास तयार होतात. म्हणजे गठ्ठा हा विक्रेत्याच्या सोयीचा असतो. ग्राहकाची सोय त्यात झालीच तर ती योगायोगाने नव्हे, ग्राहकाने हिशेब केल्यामुळे होते.

हा हिशेब असा. समजा, संचाची छापील किंमत ४०,००० रुपये आणि तो मिळतो २६,५०० रुपयांस. पाटीवर लिहिलेले असते, 'बचत १३,५०० रुपये'. परंतु या धंद्यात छापील किमतीस कोणीच काही विकत नाही. म्हणून कागद घेऊन प्रत्येक भागाचा चालू भाव शेजारच्या दोन दुकानांत विचारावा. प्रोसेसर १२,०००, बोर्ड ८,०००, रॅम ५,०००, कॅबिनेट १,५०० आणि एसएमपीएस १,५००. एकूण झाले २८,०००. बचत उरली १,५०० रुपयांची. आता ती एसएमपीएसची पेटी हातात घेऊन पाहावी. अंगावर '४५० वॅट' छापलेले असले तरी स्वस्तातली पेटी तेवढा भार पेलेलच असे नाही, आणि ती बिघडली तर बोर्डासही सोबत घेऊन जाऊ शकते. आमच्याकडे पावसाळ्यात विजेचा दाब कसा खालीवर होतो हे कोणास सांगावयास नको. अशी पेटी बदलणे भाग असेल, तर तिचे १,५०० वजा करावे. बचत शून्य! हे आकडे उदाहरणापुरते आहेत. परंतु वजाबाकीची ही रीत कोणत्याही पाटीस लागू पडते.

नावांनीही पुष्कळ फसगत होते. 'आय-५' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक अतिस्वस्त संच सर्वत्र दिसतो. पुढील आकडा वाचला तर कळते की आतील प्रोसेसर आय-५ ३४७०, म्हणजे २०१२ सालचा, कोणीतरी वापरून टाकलेला, आणि बोर्ड डीडीआर-३चा. २०२२ साली आलेला आय-३ १२१००, नावाने धाकटा असूनही, त्याच्याहून कितीतरी वेगवान आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत, थोडे अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर नाहीत. लिनक्स प्रणाली घालून टंकलेखन शिकण्यास असा संच चालेल, नाही असे नाही. मात्र जुने आहे हे जाणून घ्यावे आणि भावही जुन्याचाच द्यावा.

आता आमची गोष्ट. २०२१च्या जानेवारीत आमची आठवीतील पुतणी वडिलांच्या फोनवर शाळेचे वर्ग ऐकत होती; वडील कामावर गेले की वर्ग बंद. तिच्यासाठी आम्ही मुंबईहून एक संच आणला. प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स, नवा कोरा. सवलतही खरी होती, कारण हिशेब आम्ही नीट केला होता. खोकी रेल्वेत मांडीवर धरून आणली. दोन रात्री खपून सर्व जुळविले. कळ दाबली, पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. पुतणी शेजारी वही घेऊन बसली होती.

तीन दिवस आम्ही प्रत्येक तार काढून पुन्हा लावली. शेवटी उलगडा झाला तो असा की, त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखविणारा भागच नाही. त्यास वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. त्या मालिकेत ज्यांच्या नावात 'जी' हे अक्षर असते त्यांतच तो असतो. इंटेलच्या बाबतीत उलट: नावाच्या शेवटी 'एफ' आला की चित्राचा भाग नाही असे समजावे. आणि त्या वर्षी ग्राफिक्स कार्डांची अशी टंचाई होती की, त्यांचे भाव ऐकूनच आम्ही फोन खाली ठेवला. दुकानदारास दोष देता येत नाही. तो खोटे बोलला नव्हता. आम्ही विचारले नव्हते. एका परिचिताने अडगळीतील जुने कार्ड दिले तेव्हा पडदा उजळला, पण तोवर पुतणीचे पाच आठवडे बुडाले होते.

कधी कधी वाट्याच्या तळाशीही मोठी कोलंबी निघते, हे न सांगणे अन्यायाचे होईल. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी स्मृतिचिपांची मागणी वाढली आणि २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले. ज्या दुकानदाराने रॅम आधी भरून ठेवली होती आणि संचाची पाटी बदलली नव्हती, त्याचा संच त्या दिवसांत खरोखरच स्वस्त होता. आदल्या महिन्याचा कागद उपयोगी पडत नाही. भाव त्याच दिवशी विचारावे लागतात.

राहिली पावती. 'संगणक संच, नग १' एवढेच लिहिलेली पावती घेऊ नये. प्रत्येक भागाचे नाव, त्याचा अनुक्रमांक आणि त्याची किंमत वेगळी लिहून मागावी, कारण हमीची मुदत प्रत्येकाची वेगळी असते, आणि दोन वर्षांनी रॅम बिघडली तर संच कोणी परत घेत नाही, रॅमच घेतात. दुकानदार थोडे कुरकुरतात, पण लिहून देतात. आमची पुतणी आता आमच्याबरोबर दुकानात येते तेव्हा पावती तीच तपासते. त्याआधी खोके उलटून प्रोसेसरच्या नावातले शेवटचे अक्षर वाचते, आणि मग आमच्याकडे पाहून हसते.