नवीन वर्षात घर घेताय, विकताय की आहे तेच सांभाळताय? आधी ‘घर नावावर आहे’ म्हणजे काय ते समजून घ्या

मराठी माणसाचं नवीन वर्ष तीनदा सुरू होतं. एकदा १ जानेवारीला, जेव्हा ‘यंदा स्वतःचं घर’ असा संकल्प होतो. दुसऱ्यांदा गुढीपाडव्याला. हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्याने टोकन द्यायला सगळे याच दिवसाची वाट बघतात आणि बिल्डरच्या पानभर जाहिरातीही याच सुमारास येतात. तिसरं वर्ष सुरू होतं १ एप्रिलला. त्या दिवशी कुणी गुढी उभारत नाही, पण खिशावर परिणाम सगळ्यात जास्त याच तारखेचा होतो. कारण सरकारचे रेडी रेकनरचे नवे दर आणि आयकराचं नवं वर्ष १ एप्रिललाच लागू होतं.

या तीन तारखांच्या मध्ये जे घाईघाईत व्यवहार होतात, त्यात किंमत, मजला, व्ह्यू, पार्किंग यावर घरात महिनाभर चर्चा होते. कागदांवर मात्र अर्धा तास. आणि घर हातातून जातं ते बहुतेक वेळा कागदांमुळेच.

डोंबिवलीत नेमकं काय झालं होतं?

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या, त्या दाखवून महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवला गेला आणि त्या क्रमांकाच्या भरवशावर फ्लॅट विकले गेले. लोकांनी बँकेचं कर्ज काढून ते घेतले आणि राहायलाही आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. घर अनधिकृत ठरलं तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

या प्रकरणाने मध्यमवर्गाच्या दोन लाडक्या समजुती मोडल्या. एक म्हणजे, ‘रेरा नंबर आहे ना, मग काळजी नको’. दुसरी, ‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख असणार’. बँक तिच्या पैशांची वसुली कशी होईल ते बघते आणि तिच्याकडे तुमचा पगारही तारण असल्यासारखाच असतो. २०२३ पासून महारेराने परवानग्या संबंधित महापालिकेकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. पण त्याआधीच्या प्रकल्पात कुणी रिसेलचा फ्लॅट घेत असेल, तर ही पडताळणी त्याने स्वतःच केलेली बरी.

ती करायची कशी? बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची, म्हणजे सीसीची प्रत बिल्डरकडून घ्यायची आणि त्यावरचा क्रमांक व तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं. तिथे दाद मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याची फी १० रुपये आहे. ३० दिवस थांबावं लागेल, पण वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे ३० दिवस म्हणजे काहीच नाही.

घेणाऱ्यांनी कुठे थांबायचं?

रेरा कायदा २०१६ चा. त्यातली एक तरतूद तोंडपाठ असायला हवी. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटसाठी करार नोंदवण्याआधी जास्तीत जास्त ८ लाख. ‘पाडव्याची ऑफर आहे, २५ टक्के भरा, करार मे महिन्यात करू’ असं कुणी म्हणत असेल तर तो थेट कायदा मोडतोय.

नुसता नंबर बघून वेबसाइट बंद करू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर ताबा देण्याची जाहीर केलेली तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कुणाचं कर्ज किंवा बोजा आहे का, कोर्टात काही सुरू आहे का, हे सगळं असतं. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की हेच पान उघडतं. सेल्समन तोंडी सांगतो ती ताब्याची तारीख आणि या पानावरची तारीख यात बऱ्याचदा वर्षभराचा फरक निघतो. कायद्यापुढे पानावरची आणि करारातली तारीख चालते.

आता खर्चाचं. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर लागतं. मुंबईत मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, पुण्यात ७ टक्के. त्याशिवाय नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. म्हणजे मुंबईत एक कोटीच्या घरामागे ६ लाख ३० हजार रुपये हाताशी ठेवावे लागतात आणि ही रक्कम गृहकर्जात सहसा बसत नाही. राहत्या घराची खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नावही जोडलं की सवलत गेली. एक कोटीवर ती लाखभर रुपयांची होते, त्यामुळे नाव कुणाचं टाकायचं याचा निर्णय करार टाइप होण्याआधीच घरात झालेला बरा.

रेडी रेकनरचे दर दोन वर्षं जैसे थे राहिल्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून वाढवण्यात आले. म्हणून मार्चअखेरीस दुय्यम निबंधक कार्यालयात रांगा लागतात. पण एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. दस्तावर सही झाल्यानंतर तो नोंदणीसाठी सादर करायला कायद्याने चार महिन्यांची मुदत आहे. करोनाच्या काळात सरकारने शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० पर्यंत तीन टक्क्यांनी कमी केलं होतं. तेव्हा अनेकांनी ३१ डिसेंबरच्या आत शुल्क भरून, सह्या करून ठेवल्या आणि नोंदणी नंतर निवांत केली. ३१ मार्चच्या गर्दीत घामाघूम होण्याआधी वकिलाला ही मुदत आपल्या व्यवहाराला लागू होते का, एवढं विचारून घ्यावं.

रिसेल घेताना आणखी एक तपासणी लागते. बांधकाम पूर्ण झाल्यावर मिळणारं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी. लोक दहा-दहा वर्षं राहतायत, वीज-पाणी सुरू आहे, घरपट्टी येते आणि ओसीच नाही, अशा इमारती प्रत्येक शहरात आहेत. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलातले रहिवासीही वर्षानुवर्षं तिथे राहत होते. पण सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले. घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल हा मालकीचा पुरावा नाही, ती फक्त भरलेल्या पैशांची पोच आहे.

विकणाऱ्यांचा हिशोब

घर घेतल्यापासून २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा थेट उत्पन्नात धरला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. त्यानंतर विकलं तर दीर्घकालीन भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासून यावर १२.५ टक्के कर आहे, पण महागाईचा फायदा, म्हणजे इंडेक्सेशन मिळत नाही. या तारखेच्या आधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तींना मात्र जुना, २० टक्के आणि इंडेक्सेशनचा हिशोब करून जो कर कमी येईल तो भरता येतो.

समजा, २०१०-११ मध्ये ३० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ९० लाखांना विकला. नव्या पद्धतीने ६० लाखांवर साडेसात लाख कर होतो. जुन्या पद्धतीने खरेदी किंमत वाढून साधारण साडेसदुसष्ट लाख धरली जाते, नफा साडेबावीस लाख उरतो आणि कर येतो साधारण साडेचार लाख. एवढा तीन लाखांचा फरक निव्वळ गणिताच्या पद्धतीचा. त्यासाठी जुन्या खरेदीचे कागद जपून ठेवलेले असावे लागतात, ही त्यातली मेख.

नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर कर वाचवता येतो. विक्रीच्या आधी वर्षभरात घेतलेलं घरही चालतं. ज्यांना घर नकोय त्यांच्यासाठी सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवण्याचा पर्याय असतो.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. विसरलं तर दंड त्यालाच. आणि विकणारा परदेशात स्थायिक झालेला असेल, तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही. तिथे कापायची रक्कम कितीतरी जास्त असते आणि ५० लाखांची मर्यादाही नसते. अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर असलेला पुण्यातला फ्लॅट घेताना नेमकी इथेच गफलत होते, कारण व्यवहाराची सगळी बोलणी इथल्या आईवडिलांशी झालेली असतात.

सोसायटीच्या ‘डोनेशन’बद्दलही थोडं. फ्लॅट हस्तांतर करताना सोसायटीला घेता येणारं अधिमूल्य महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये आहे. त्याच्या वर मागितलेले लाख-दोन लाख हे ‘इमारतीच्या रंगकामासाठी’ असले तरी बेकायदाच.

आणि ज्यांचं घर आधीच आहे?

यांचं नवीन वर्षाचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं.

समजा, वडिलांनी सोसायटीत मोठ्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून दिलंय. वडील गेले. मुलाला वाटतं फ्लॅट आपला झाला, धाकट्या बहिणीला वाटतं आपल्याला डावललं. खरं तर दोघांचीही समजूत चुकीची आहे. नॉमिनी हा मालक नसतो. २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोसायटीने तिच्या दफ्तरी नॉमिनीचं नाव लावावं, पण वारसांचा मालकी हक्काचा दावा त्यामुळे संपत नाही. महाराष्ट्राने तर २०१९ च्या सहकार कायद्यातल्या दुरुस्तीत नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ असंच म्हटलंय. कायदेशीर वारस ठरेपर्यंत तो फक्त सांभाळणारा. मालकी जाते ती मृत्युपत्राने आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, फक्त दोन साक्षीदारांसमोर सही लागते. तरीही लोक ते करत नाहीत, कारण विषय काढणाऱ्या मुलाकडे घरातले संशयाने बघतात. वडिलांनी स्वतःहून विषय काढला तर ही अडचणच येत नाही.

हयातीतच घर द्यायचं असेल तर बक्षीसपत्राचा मार्ग आहे. राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पण बक्षीसपत्र एकदा नोंदलं की घर गेलं. मृत्युपत्र शेवटपर्यंत बदलता येतं. त्यामुळे स्वस्त आहे म्हणून घाई नको.

कर्ज फिटलेल्यांनी बँकेतून मूळ कागद परत आणलेत का, हेही बघावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागद परत करावे लागतात आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. सोबत सोसायटीला बँकेचं ना हरकत पत्र देऊन शेअर सर्टिफिकेटवरचा बोजा काढून घ्यायचा.

घर भाड्याने दिलं असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा महाराष्ट्रात निव्वळ गैरसमज आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते.

शेवटचा प्रश्न सोसायटीच्या पुढच्या सभेत विचारायचा आहे: आपल्या इमारतीखालची जमीन कुणाच्या नावावर आहे? मिळकत पत्रिका ऑनलाइन काढली तर अनेक ठिकाणी तिथे आजही बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव दिसतं, कारण कन्व्हेयन्स झालेलंच नसतं. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की हेच नाव आडवं येतं आणि वाढीव एफएसआयवर हक्क सांगतं. बिल्डर सहकार्य करत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी अर्ज करू शकते. त्यासाठी प्रत्येक सभासदाच्या करारनाम्याची सूची क्रमांक दोन लागते. कुणाची तरी ती हमखास हरवलेली असते, म्हणून आपली कपाटात आहे का ते आजच बघून ठेवलेलं बरं. नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांक आणि वर्ष टाकून शोधता येते.