डायलिसिसचा रुग्ण आणि त्याच्या बाजूने बोलणारे माणूस



गेल्या काही महिन्यांत आमच्या कार्यालयाकडे येणाऱ्या वैद्यकीय साहाय्याच्या अर्जांत मूत्रपिंडाच्या विकाराचे अर्ज लक्षणीय संख्येने आहेत. मंदिराच्या निधीतून एखाद्या रुग्णालयास डायलिसिसचे यंत्र भेट द्यावे, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. सूचना सद्भावनेची आहे. परंतु तिच्यावर निर्णय घेण्यापूर्वी हा विषय सर्वांनी नीट समजून घ्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

एक अनुभव

आमच्या शहापुरातील एक वयोवृद्ध विणकर गेल्या श्रावणात बिलांचे गाठोडे घेऊन कार्यालयात आले. मुलाने माग विकला होता. आठवड्यातून तीन वेळा सांगितलेले डायलिसिस त्यांनी पैशांअभावी कोणास न सांगता दोनवर आणले होते, आणि त्यामुळे एका रात्री छातीत पाणी साठून त्यांना तातडीने दाखल करावे लागले होते. आम्ही बिले तारखेप्रमाणे लावली, तेव्हा प्रत्येक वेळी नव्या डायलायझरची किंमत आकारलेली दिसली. प्रत्यक्षात त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली तीच नळी धुऊन पुन्हा वापरली जात असल्याचे त्यांच्या सूनबाईंनी सांगितले.

याविषयी केंद्रात विचारणा करू, असे आम्ही म्हणताच काका घाबरले. "नका विचारू हो. परवा परत तिथंच जायचं हाय मला," एवढेच ते म्हणाले.

पुढे मंडळाच्या दोन सदस्यांनी जाऊन शांतपणे विचारणा केली. व्यवस्थापकांनी चूक मान्य केली व जादा घेतलेली रक्कम परत दिली. भांडण झाले नाही, काकांची खुर्चीही गेली नाही. मात्र त्यांचे ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. या सर्व विषयाचे मर्म त्या वाक्यात आहे.

हा व्यवहार इतर व्यवहारांसारखा का नाही

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील दूषित द्रव्ये व जादा पाणी शरीरात साठू लागते. हिमोडायलिसिसमध्ये रुग्णाचे रक्त नळीवाटे बाहेर काढून डायलायझर नावाच्या गाळणीतून फिरवितात व शुद्ध करून परत शरीरात सोडतात. बहुतेक रुग्णांना हे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास करावे लागते. प्रत्यारोपण न झाल्यास ते आयुष्यभर चालते.

बाजारात भाजी महाग वाटली तर आपण पुढच्या दुकानात जातो किंवा त्या दिवशी भाजी घेत नाही. डायलिसिसच्या रुग्णास यांतील दुसरा मार्ग मुळीच नाही, आणि पहिलाही बहुधा नसतो. खानापूर, चिकोडी वा निपाणीकडील रुग्णाचा निम्मा दिवस प्रवासातच जातो. अन्यत्र जागा मिळेल याची खात्री नसते. ज्याला विकत घेणे थांबविता येत नाही, त्याला भाव करता येत नाही. म्हणून नफ्यावर चालणाऱ्या व्यवसायात अन्यत्र ग्राहकाच्या हाती जो थोडाफार लगाम असतो, तो येथे रुग्णाच्या हाती नाही.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून शासनाचेच आकडे देतो. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सांगितले होते की, देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण मूत्रपिंड विकाराच्या अंतिम अवस्थेस पोहोचतात, त्यामुळे ३.४ कोटी डायलिसिसची जादा गरज निर्माण होते, आणि त्यांतील जेमतेम निम्मी भागते. एका वेळचा खर्च सुमारे २,००० रुपये, म्हणजे वर्षाचा ३ लाखांहून अधिक, असेही त्यांनी नमूद केले. त्याच भाषणात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. जिल्हा रुग्णालयांत खासगी संस्थांच्या भागीदारीने ही सेवा द्यावी, असे त्याचे स्वरूप होते.

या भागीदारीचा लाभ अनेक गोरगरिबांना झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ठरावीक दराचे कंत्राट घेणाऱ्या संस्थेस नफा वाढवायचा असेल, तर तो कर्मचारी, साहित्य व वेळ यांतच काटकसर करून वाढतो, आणि शासनाकडून देयके थकली तर सेवाच डळमळते. कर्नाटकात २०२१ ते २०२३ या काळात कंत्राटातील वाद, थकीत देयके व कर्मचाऱ्यांचे थकलेले वेतन यांमुळे अनेक सरकारी रुग्णालयांतील डायलिसिस विस्कळीत झाले होते. पुढे २०२४ मध्ये राज्य शासनाने आपल्या केंद्रांतून एकदाच वापरावयाचे डायलायझर देण्याचा निर्णय घेतला.

अन्य देशाचा धडा

अमेरिकेत नोव्हेंबर १९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने तेथील लोकप्रतिनिधींच्या समितीसमोर, सभागृहातच यंत्र लावून डायलिसिस करून दाखविले. पुढील वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, बहुतेक सर्व मूत्रपिंड रुग्णांचा खर्च शासनाने उचलण्याचा कायदा झाला. रुग्णांनी स्वतः बोलण्याचाही त्यात वाटा होता, असे मानले जाते.

पैशांची खात्री झाल्यावर मात्र कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. आज तेथील बहुतांश रुग्ण दोन मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांत उपचार घेतात. २००२ साली डॉ. देवेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या आठ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. नफ्यासाठी चालणाऱ्या केंद्रांतील रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका विनानफा केंद्रांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. कॅलिफोर्निया राज्यात या केंद्रांवर निर्बंध आणणारे प्रस्ताव २०१८, २०२० व २०२२ असे तीन वेळा जनमतास टाकले गेले. त्यांमागे मुख्यत्वे आरोग्य कर्मचाऱ्यांची संघटना होती. तिन्ही वेळा ते फेटाळले गेले. त्यांपैकी २०१८ साली विरोधी प्रचारावर कंपन्यांनी १० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला.

यातून आम्ही एवढाच बोध घेतो की, पैसा कोणी का भरेना, उपचारांच्या दर्जावर लक्ष ठेवणारे कोणी नसेल तर नुसत्या पैशाने रुग्णाचे रक्षण होत नाही.

बेळगावात घडलेली गोष्ट

रुग्णहक्कांच्या संदर्भातील एक महत्त्वाची घटना आपल्याच बेळगावात घडली, याचे विस्मरण होऊ नये. खासगी रुग्णालयांविषयीच्या २००७ च्या कर्नाटक कायद्यात सुधारणा करण्यासाठी २०१७ साली आरोग्यमंत्री के. आर. रमेश कुमार यांनी विधेयक आणले. उपचारांचे दर शासनाने ठरवावेत व रुग्णांच्या तक्रारींसाठी जिल्हा स्तरावर यंत्रणा असावी, या त्यातील तरतुदी होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले असता राज्यभरातील खासगी डॉक्टर मोठ्या संख्येने बेळगावात निषेधासाठी जमले. त्या दिवसांत खासगी दवाखाने बंद राहिल्याने रुग्णांचे किती हाल झाले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कर्नाटक जनारोग्य चळवळीसारख्या संघटना मूळ विधेयकाच्या बाजूने उभ्या होत्या.

अखेर बेळगावच्या त्याच अधिवेशनात विधेयक मवाळ होऊन संमत झाले. दरनिश्चिती शासकीय योजनांखालील उपचारांपुरती उरली. डॉक्टरांच्याही काही शंका रास्त होत्या, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि जे उरले तेही थोडे नाही. रुग्णालयाने दर प्रदर्शित केले पाहिजेत, रुग्णहक्कांची सनद पाळली पाहिजे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. जिल्हा आरोग्य अधिकारी त्या प्राधिकरणाचे सदस्य सचिव असतात.

महाराष्ट्रातही जन आरोग्य अभियान, पुण्याची 'साथी' संस्था, डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला, डॉ. अरुण गद्रे आदींनी अनेक वर्षे हा विषय लावून धरला. तेथे जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्क सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक झाले. कायदा झाला, पण भिंतीवरील तो फलक वाचून प्रश्न विचारण्याचे बळ खुर्चीवर सुया टोचून घेतलेल्या माणसात नसते. ते त्याच्या सोबत्याने विचारावयाचे असतात.

काय विचारावे

रुग्णाच्या सोबत जाणाऱ्याने पुढील गोष्टी नम्रपणे, शक्यतो लेखी विचाराव्यात:

१. एका वेळच्या दरात काय समाविष्ट आहे? डायलायझर, नळ्या व इंजेक्शने यांचे वेगळे पैसे आहेत काय?

२. डायलायझर नवा आहे की पुन्हा वापरलेला? पुन्हा वापरलेला असल्यास त्यावर याच रुग्णाचे नाव आहे ना, व कितवी वेळ आहे?

३. शुद्धीकरण केलेल्या पाण्याची तपासणी केव्हा झाली? एका वेळेस सुमारे १२० लिटर पाणी लागते, व ते गाळणीच्या पातळ पडद्यापलीकडे रुग्णाच्या रक्ताच्या संपर्कात असते.

४. हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही यांच्या तपासण्या नियमित होतात काय? हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी वेगळे यंत्र आहे काय?

५. सांगितलेला पूर्ण वेळ डायलिसिस होते काय? मूत्रपिंडतज्ज्ञ रुग्णास केव्हा पाहतात?

६. प्रत्येक वेळची पावती व नोंदींची प्रत मिळते काय?

याखेरीज घरच्या घरी पोटातील पडद्याद्वारे करावयाच्या पेरिटोनियल डायलिसिसचा व प्रत्यारोपणाचा पर्याय आपल्याला लागू पडतो काय, हेही तज्ज्ञांना अवश्य विचारावे. दूरच्या खेड्यातील रुग्णास पहिला पर्याय कधीकधी सोयीचा ठरतो. केंद्रात हा विषय आपणहून काढला जाईलच असे नाही.

योजनांबाबत थोडेसे. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. तिच्याखाली खासगी रुग्णालयात जाण्यापूर्वी, तातडीचा प्रसंग नसल्यास, सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. ते न घेतल्याने अनेकांचा लाभ हुकतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, व त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला. त्या वादात आम्ही येथे पडत नाही. कोल्हापूर वा मिरजेस उपचार घेणाऱ्यांनी तेथील योजना कक्षात आपल्या कागदपत्रांसह चौकशी करावी, इतकेच सुचवितो.

मंडळापुढील प्रश्न

मुंबईत श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास व लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ यांनी अल्प दरात डायलिसिस केंद्रे चालविली आहेत. दिल्लीत बाला साहिब गुरुद्वाराच्या आवारात २०२१ साली विनामूल्य डायलिसिस रुग्णालय सुरू झाले. धर्मस्थानांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याची ही उदाहरणे होत. मात्र त्यांनी नुसते यंत्र दिले नाही, केंद्र चालविण्याची जबाबदारी उचलली. पाणी, तंत्रज्ञ, परिचारिका व तज्ज्ञ यांवाचून यंत्र म्हणजे केवळ एक लोखंडी पेटी. आपल्या मंडळाची शक्ती तेवढी नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

म्हणून आमचा प्रस्ताव लहान आहे. प्रशिक्षित स्वयंसेवकांची एक रुग्णसाहाय्य समिती असावी. तिने अर्जदाराची बिले तपासावीत, शिफारसपत्र व योजनांच्या कामी साथ द्यावी, आणि गरज पडल्यास रुग्णासोबत केंद्रात जाऊन वरील प्रश्न विचारावेत. ज्याचे डायलिसिस केवळ पैशांअभावी चुकत असेल, त्यास निधीतून तेवढ्यापुरते साहाय्य द्यावे. तक्रार करण्याची वेळ आल्यास ती मंडळाच्या नावाने व्हावी, म्हणजे रुग्णावर रोष येणार नाही. डॉक्टर व केंद्रचालक हे आपले शत्रू नव्हेत. त्यांतील कित्येक जण अपुऱ्या साधनांत निष्ठेने सेवा करीत आहेत, व अशा विचारणेचे ते स्वागतच करतील, असा आम्हास विश्वास वाटतो.

हा प्रस्ताव आगामी वार्षिक सभेपुढे ठेवण्यात येईल. यंत्र भेट देण्याच्या सूचनेवरही त्याच वेळी चर्चा होईल. सभासदांनी आपली मते लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावीत. निवृत्त परिचारिका, औषधविक्रेते, लेखापाल व कन्नड लिहिता-वाचता येणारे तरुण यांची समितीस विशेष गरज आहे.

काका आजही आठवड्यातून तीन दिवस केंद्रात जातात. त्यांच्यासोबत आळीपाळीने आमच्यापैकी कोणीतरी असते. गेल्या खेपेस पाण्याच्या तपासणीचा अहवाल त्यांनी स्वतःच मागून घेतला.

आपले नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता
शहापूर, बेळगाव