जीवनमानाचा अपुरा ताळेबंद : जबलपूरच्या तलावांच्या निमित्ताने

आधुनिक जीवन पूर्वीपेक्षा सुखाचे की कष्टाचे, हा प्रश्न पारावरच्या गप्पांत जितक्या सहजतेने विचारला जातो, तितक्या सहजतेने तो आकडेवारीत मांडता येत नाही. दरडोई उत्पन्न, आयुर्मान, साक्षरता ही मोजमापे सर्वपरिचित आहेत. तथापि ती एखाद्या विशिष्ट शहराला लावून पाहिली, म्हणजे त्यांतून काय मोजले जाते आणि काय निसटते हे ध्यानात येते. मध्य प्रदेशातील जबलपूर हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

गढा-मंडल्याच्या गोंड राजवटीपासून या परिसरात तलाव बांधले गेले. ‘बावन्न तालांचे शहर’ अशी जबलपूरची ख्याती होती. राणी दुर्गावतीच्या नावाने राणीताल, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि दिवाण आधारसिंह यांच्या नावाने आधारताल झाला, असे लोकपरंपरा सांगते. १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना राणी कामी आली. पुढे १७८१ पासून मराठ्यांचा आणि १८१७ पासून इंग्रजांचा अंमल आला. राजवटी बदलल्या, तरी तलाव टिकून राहिले.

शहराबाहेरच्या काळ्या जमिनीत ‘हवेली’ नावाची शेतीपद्धती रूढ होती. शेताला चहूबाजूंनी उंच बांध घालून पावसाचे पाणी त्यातच साठवायचे, पावसाळा सरताना ते सोडून द्यायचे आणि मुरलेल्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरायचा. तुंबलेल्या पाण्याने तण मरत असे आणि रब्बीला वेगळे सिंचन लागत नसे. पाण्याचा इतका काटकसरीचा वापर आजच्या कालव्याखालील शेतीतही क्वचितच आढळतो.

दुष्काळाची साक्ष

हे चित्र खरे आहे, पण अर्धेच आहे. १८९० नंतर लागोपाठ काही वर्षे अवकाळी पाऊस आणि तांबेरा यांमुळे गहू हातचा गेला आणि १८९६ मध्ये पावसाने दगा दिला. तलाव होते, हवेलीचे बांधही होते. तरी दुष्काळ टळला नाही. मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग १८७० मध्ये जबलपुरातच एकमेकांना जोडले गेले होते, म्हणजे धान्य आणण्याचे साधनही उपलब्ध होते. परंतु शेतीचे कामच थांबल्यावर ज्याच्या हाती मजुरी नाही, त्याला बाजारातील धान्याचा काय उपयोग? अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या आधारे केलेली मीमांसा येथेही लागू पडते. १८९१ च्या जनगणनेत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४८ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ६ लाख ८१ हजारांवर आली. वाढ होणे तर दूरच, दहा वर्षांत नऊ टक्के घट झाली.

‘पूर्वीचे दिवस चांगले होते’ ही साक्ष देणारा मनुष्य नेहमीच जगलेल्यांपैकी असतो. त्याची जी भावंडे पाळण्यातच गेली, किंवा जी आई बाळंतपणात दगावली, त्यांची साक्ष कोणी नोंदवलेली नसते. १९०१ ते १९११ या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे २३ वर्षे होते. याचा अर्थ सारे लोक तेविशीतच मरत असा नव्हे. बालमृत्यूंच्या प्रचंड संख्येमुळे सरासरी इतकी खाली येत असे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१६-२० या काळात हेच आयुर्मान देशात ७० वर्षे, तर मध्य प्रदेशात ६७.४ वर्षे होते. म्हातारपण येणे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी भाग्याची मानली जाई, ती आज बहुतेकांच्या वाट्याला येते. अन्य कोणताही लाभ या एका लाभाच्या जवळपास येत नाही. मात्र तो सर्वत्र सारखा पोहोचलेला नाही : २०२० मध्ये दर हजार जन्मांमागे बालमृत्यूचे प्रमाण देशात २८, तर मध्य प्रदेशात ४३ होते.

नळ आला आणि तलाव पोरका झाला

या प्रगतीत स्वच्छ पाण्याचा वाटा मोठा आहे. जबलपूरला १८८३ मध्ये खंदारी जलाशयातून नळाचे पाणी मिळू लागले. पुढे नर्मदेचे पाणी आले. घरोघरच्या स्त्रियांचे पाणी भरण्याचे श्रम त्यामुळे किती वाचले, याचा हिशेब राष्ट्रीय उत्पन्नात कधीच धरला गेला नाही. परंतु नळ आल्यावर तलावाची गरज कोणाला उरली नाही आणि गरज नसलेल्या वस्तूची राखण कोणी करीत नाही. १९०४ पासून शस्त्रनिर्मितीचे कारखाने आले. १९०१ मध्ये नव्वद हजारांच्या आसपास वस्ती असलेले शहर २०११ मध्ये साडेदहा लाखांच्या घरात पोहोचले. तलावातील पाण्यापेक्षा तलावाखालची जमीन मोलाची ठरली. चेरीताल आज एका वस्तीचे नाव आहे, राणीतालवर क्रीडासंकुल आहे, भंवरताल हे उद्यान आहे. ही सारी जागा वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाढत्या शहराला घरे हवीच होती.

अडचण हिशेबाच्या पद्धतीत आहे. तलाव बुजवून त्यावर घरे बांधली की बांधकामाचे मूल्य उत्पन्नात जमा होते. भूजल खोल गेल्यावर घेतलेली कूपनलिका, मागवलेला टँकर यांचा खर्चही वाढ म्हणूनच मोजला जातो. तलावातून फुकट मुरणारे पाणी मात्र खर्चाच्या बाजूला कोठेच दिसत नाही.

लाभ आणि खर्च एकाच माणसाच्या वाट्याला येतील, याचीही शाश्वती नसते. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बांधलेले बरगी धरण १९९० च्या सुमारास पूर्ण भरले. त्यातून वीज निर्माण झाली, कालवे निघाले. त्याच धरणाने मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. विस्थापितांपैकी अनेकजण जबलपूरच्या झोपडपट्ट्यांत येऊन रिक्षा ओढू लागले, मजुरी करू लागले. त्यांच्या हाती येणारी रोख रक्कम कदाचित पूर्वीपेक्षा अधिक असेल. शेत, मोहाची झाडे आणि नदीतले मासे यांची किंमत त्यातून वजा करण्याची रीत मात्र नाही. जिल्ह्याच्या सरासरीत शहरातील नळधारक आणि हा रिक्षावाला एकाच स्तंभात बसतात.

पर्यावरणाचे हिशेब राष्ट्रीय लेख्यांना जोडण्याचा प्रयत्न सांख्यिकी मंत्रालयाने २०१८ पासून सुरू केला आहे. जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातील पहिली जलसाठे गणना प्रसिद्ध केली. तीत २४ लाख २४ हजारांहून अधिक जलसाठ्यांची नोंद असून, त्यांपैकी १.६ टक्के साठ्यांवर अतिक्रमण झाल्याचे म्हटले आहे. हे प्रमाण अल्प वाटते. परंतु जो तलाव फार पूर्वीच पुरता बुजला आणि ज्यावर आज घरे उभी आहेत, तो या गणनेत येण्याचे कारणच उरत नाही. तेथेही साक्ष उरलेल्यांचीच आहे.