पुस्तकावरील खुणा आणि त्यांची किंमत

जुन्या पुस्तकांचा व्यापारी भाव ठरवताना मजकुराआधी पुस्तकावरच्या खुणा वाचतो. या खुणांची लिपी आपले कार्यकर्ते आणि विद्यार्थी यांनीही शिकून घेतली पाहिजे. चळवळीची एखादी पुस्तिका रद्दीत जाते तेव्हा तिच्यावरची साक्षही जाते.

पहिली खूण आवृत्तीची. ती मुद्रक-प्रकाशकाच्या पानावर शोधावी. 1867 च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे सक्तीचे केले होते. अलीकडच्या विलायती व अमेरिकी पुस्तकांत याच पानावर पुष्कळदा आकड्यांची एक ओळ असते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा छपाई कितवी, हे सांगतो. हे पान फाटलेले असेल तर मजकूरच साक्षीला बोलवावा. बाबासाहेबांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चे उदाहरण घ्या. 1936 ची पहिली इंग्रजी आवृत्ती 1500 प्रतींची होती आणि ती दोन महिन्यांत संपली. गांधींनी ‘हरिजन’मध्ये केलेली टीका आणि तिला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. तेव्हा ते उत्तर ज्या प्रतीत छापलेले आहे, ती प्रत पहिल्या आवृत्तीची नव्हे.

दुसरी खूण अवस्थेची. इंग्रजी ग्रंथव्यापारात ‘फाइन’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’ अशा उतरत्या पायऱ्या आहेत. ‘गुड’ या शब्दाने फसू नये. हाताळून झिजलेली, पण पाने शाबूत असलेली प्रत, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी खूण मालकीची: नाव, सही, भेट देताना लिहिलेल्या ओळी, ग्रंथालयाचा शिक्का, समासातल्या रेघा. येथे बाजाराचा न्याय पाहण्यासारखा आहे. अनामिक वाचकाची रेघ भाव पाडते, नामवंताची रेघ तोच भाव चढवते. ग्रंथालयाचा शिक्का तर बहुधा दोषच मानला जातो. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या संग्रहातील जॉन ड्यूई यांच्या पुस्तकांवर बाबासाहेबांच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. गुरूचा कोणता विचार शिष्याने उचलला, हे अभ्यासक त्यांवरून शोधतात.

मग वस्तीतल्या वाचनालयाचा शिक्का, गिरणी कामगाराची वेडीवाकडी सही, मलपृष्ठाच्या आत मांडलेला वर्गणीचा हिशेब, यांना दोष म्हणायचे काय? ज्यांना अक्षर नाकारले गेले ते कधी, कुठे, काय वाचू लागले, याचा हा लेखी पुरावा आहे. सरकारी दफ्तरात तो सहसा सापडणार नाही.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो: पेन्सिलीची रेघ खोडू नका. शिक्क्याचे पान फाडू नका. नवी बांधणी करताना जुने मुखपृष्ठ टाकू नका आणि कडा कापू देऊ नका. समासातली अक्षरे कापली जातात. प्रत कोणाच्या घरून, कोणत्या साली मिळाली, हे वेगळ्या वहीत लिहून ठेवा. बाजार त्या खुणांचे पैसे कापील. कापू द्या. आपला इतिहास लिहिणाऱ्याला त्याच खुणा लागणार आहेत.