कोयनेचे पाणी कोणत्या बाजूला वळते?

कोयना प्रकल्पात विजेसाठीचे बहुतेक पाणी नदीच्या उलट दिशेने जाते. शिवसागर जलाशयातून बोगद्यांवाटे सह्याद्री ओलांडून ते पश्चिमेला, पोफळीकडे उतरते. ही उडी साडेचारशे मीटरहून अधिक आहे. गच्चीवरच्या टाकीत मावणारे हजार लिटर पाणी तेवढे खाली आले, की साधारण एक युनिट वीज मिळते. जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी; त्यातले वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादाने मुभा दिली. हे वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजतात. पाऊस कमी झाल्याचे ऑक्टोबरातच कळते, पण खरी ओढाताण होते ती एप्रिल-मेमध्ये, नेमकी पंखे-कूलर चालू असताना.

दुष्काळात पूर्वेकडची, सांगली-साताऱ्याची शिवारे वाळू लागली की विजेच्या कोट्यातले पाणी सिंचनाला सोडण्याची मागणी होते, आणि ती गैर म्हणता येत नाही. हे पाणीही पायथा वीजगृहातून सोडता येते. पण तिथे उंची शंभर मीटरच्या आतच, म्हणून त्याच टाकीभर पाण्यातून पाव युनिटही निघत नाही. शिवाय टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पंप नदीतले पाणी वर चढवायला वीज खातात, ते वेगळेच.

राज्याच्या एकूण विजेत कोयनेचा वाटा लहान आहे. प्रश्न वेळेचा आहे. संध्याकाळी दिवे एकदम लागतात तेव्हा कोयनेचे संच काही मिनिटांत भार उचलतात. कोळशाचा थंड पडलेला संच सुरू व्हायला कित्येक तास जातात. १,९६० मेगावॉटची यंत्रे जागेवरच असतात, पण पाणी राखून वापरायचे म्हटल्यावर ती नुसती उभी राहतात. मग संध्याकाळची तूट वीज बाजारातून भरावी लागते. तिथे २०२३ पासून दराला प्रति युनिट १० रुपयांची मर्यादा आहे आणि टंचाईच्या तासांत दर तिथवर चढतो. कोयनेच्या विजेला इंधनाचा खर्चच नाही.

कोळशाचा आधारही कोरड्या वर्षात भरवशाचा नसतो, कारण वाफेला आणि थंड करायला पाणी लागतेच. २०१३ मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले.

वीजखरेदीचा वाढीव खर्च नियामक आयोगाच्या सूत्रानुसार ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून बिलात येतो. महावितरणच्या ग्राहकांवर तो राज्यभर पडतो. कोयनेचे पाणी कधी न पाहिलेल्या गोंदियाच्या ग्राहकावरही.